येळ्ळूर रस्त्यावरचा माग

आप्पांना सायकलीला दिवा चालत नसे. "दिवा लावला की दिव्यापुरतंच दिसतंय," ते म्हणायचे, "बाकीचं सगळं रान आंधळं हुतंय." घंटीही त्यांनी काढून टाकली होती. साखळीला तेल इतकं सढळ हातानं घालायचे, की सायकल जवळून गेली तरी डांबराला टायर चिकटून सुटल्याचा बारीक आवाज तेवढा यायचा. अंगात पांढरा सदरा आणि डोक्याला घट्ट गुंडाळलेली काळी शाल. लांबून बघणाऱ्याला खांद्यापर्यंतचाच माणूस दिसे.

येळ्ळूरकडच्या भाजीवाल्या बायकांत तशी बोलवा होतीच. रात्री एक मुंडकं नसलेला सायकलवाला भाताच्या रानातून फिरतो, आवाज न करता येतो आणि आवाज न करता जातो. आक्का, म्हणजे आप्पांची बायको, ही गोष्ट मंडईतून ऐकून आल्या आणि ओसरीवर पिशवी ठेवता ठेवता त्यांनी सांगितली. आप्पांनी शांतपणे विचारलं, "मुंडकं न्हाय, तर शाल कशाला गुंडाळतोय त्यो?"

आक्का हसल्या, पण पुरतं हसल्या नाहीत.

मी मूळचा निपाणीचा. बेळगावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि वडगावातल्या एका अरुंद गल्लीत आप्पांच्या माडीवर भाड्यानं राहायला आलो. पहिल्या दिवशी त्यांनी "कुठला?" म्हणून विचारलं, मी "निपाणी" म्हणालो. तेव्हापासून त्या घरात मी निपाणीकर. नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगायची गरज वाटली नाही.

माझ्या खोलीच्या बरोबर खाली यंत्रमागांची खोली होती. माग मात्र विकले गेले होते. मुलगा बेंगळुरूला कंपनीत, साड्यांना पहिल्यासारखं गिऱ्हाईक नाही, गुडघे दुखायला लागलेले. एक दिवस टेंपो आला आणि माग घेऊन गेला. खोलीत आता आक्का कपडे वाळत घालायच्या. फरशीवर तेलाचे काळे चौकोन तेवढे राहिले होते, जिथं जिथं माग उभा होता तिथं तिथं. आप्पा त्या खोलीतून जाताना चौकोनांवर कधी पाय देत नसत. दोन चौकोनांमधल्या बोळातून अंग चोरून जायचे, जसं चालत्या मागांमधून जावं लागतं तसं. मी एकदा सरळ चौकोनावरून चालत गेलो, तर आक्कांनी माझा हात धरून बाजूला ओढलं. "त्यांच्या म्होरं नको," एवढंच म्हणाल्या.

दिवसा आप्पा मोठ्यानं बोलत. नुसतं "चहा घे" म्हणाले तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. जन्मभर मागाच्या खडखडाटात ओरडून बोलल्यावर दुसरं काय होणार! रात्री रस्त्यावर मात्र ते कुजबुजत. तो कुजबुजता आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा दुसराच कोणी माणूस शेजारून सायकल मारतोय असं वाटून मी चरकलो होतो.

त्यांची झोप मागांबरोबरच गेली होती. आक्कांनी मला ते समजावून सांगितलं. "माग चालू असताना आम्ही ढाराढूर झोपायचो बघ. पोरंबी झोपायची. आणि रातीला करंट गेला, की माग बंद पडायचं, आणि घरातलं झाडून सगळं जागं! आवाज बंद झाल्यानं जाग यायची. आता करंट कायमचा गेल्यागत झालंय ह्यांस्नी."

मग ते सायकल काढायचे. आक्का झोपल्या की दाराला कडी न लावता नुसतं ओढून घ्यायचे आणि दूधवाला यायच्या आत परत यायचे. येळ्ळूर, धामणे, कधी गाव ओलांडून पार हिंडलग्याकडं. कुठं जायचं असं ठरलेलं नसे. सदऱ्याच्या खिशात शिळी भाकरी असायची, ती वाटेवरच्या कुत्र्यांना. त्यामुळे साऱ्या रस्त्यात त्यांच्यावर एक कुत्रं भुंकत नसे. हे ऐकायला चांगलं वाटतं. प्रत्यक्षात, अंधारात पाच-सहा कुत्री वाटेत उभी राहतात, तोंडातून आवाज काढत नाहीत आणि नुसती बघत बाजूला होतात, तेव्हा भुंकलेली बरी असं वाटतं.

मी त्यांच्याबरोबर जायला लागलो तो आक्कांमुळं. एका संध्याकाळी त्या माडीच्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "निपाणीकर, एकदा मागनं जाऊन बघ की रं, कुठं जात्यात हे. मला इचारवत न्हाय."

मागून जायची वेळच आली नाही. मी आप्पांच्या मुलाची जुनी सायकल फाटकातून बाहेर काढली, तर आप्पा कोपऱ्यावर माझीच वाट बघत थांबलेले. "तिनं धाडलं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "चल मग. ती लाल बत्ती बंद कर."

पहिले काही दिवस मला दिसण्याचाच त्रास झाला. वडगावचे शेवटचे खांब मागे पडले की रस्ता संपल्यासारखा वाटायचा. मग हळूहळू तो वर यायचा. डांबर आजूबाजूच्या रानापेक्षा किंचित उजळ दिसे. दोन्ही बाजूला भात, समोर राजहंसगडाचा डोंगर, पाठीमागे शहराचा तांबूस उजेड. आप्पा पुढे आणि मी मागे. बोलणं जवळजवळ नाहीच. एखादी मोटारसायकल आली तर ते आधीच रस्त्याच्या खाली उतरून तोंड फिरवून उभे राहायचे. "दिव्याकडं बघायचं न्हाय," ते सांगायचे. "एकदा बघितलं की लई येळ सगळं काळं."

त्या दिवसांत फोनवर चोरांच्या टोळीचे निरोप फिरत होते. चोर कुणी पाहिले नव्हते, पण गावागावांत पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती. धामण्याच्या अलीकडं त्यांनी आम्हांला अडवलं. "यारदु?" कुणीतरी कानडीत ओरडलं, कोण आहे म्हणून. आप्पांना ऐकू आलं नाही; साधे आवाज त्यांना कमीच ऐकू यायचे. ते तसेच पुढे गेले आणि दोन काठ्या त्यांच्या चाकासमोर आडव्या पडल्या. तोंडावर टॉर्च. अशा रात्री लोक आधी मारतात आणि मग विचारतात, हे मी ऐकून होतो.

"कुठं चाललाय?" एकानं मराठीत विचारलं.

"कुठं न्हाय," आप्पा म्हणाले.

"मग बाहीर कशाला पडलाय एवढ्या रातीचं?"

"झोप येत न्हाय रं. आणि ती बत्ती खाली घे, डोळं फुटत्यात."

इतक्या साध्या उत्तरावर पोरांना काय करावं ते सुचेना. त्यातला एक हसला आणि काठ्या बाजूला झाल्या. पुढं त्या गावात ते 'बिनझोपे आप्पा' झाले. गस्तीची पोरं लांबूनच हाक मारायची, "लागली का झोप, आप्पा?"

पण त्यांची एक सवय मला कळत नव्हती. रिकाम्या रस्त्यात मध्येच ते सायकल कडेला घेत, एक पाय जमिनीला टेकत आणि मान तिरकी करून थांबत. कुणाला वाट देतोय असं ते उभं राहणं होतं. समोरून कोणी येत नसे, मागून कोणी येत नसे. थोड्या वेळानं पायडल मारून पुढं जात. हे एकाच जागी होत नसे. कधी पुलावर, कधी वडाखाली, कधी नुसत्या रानात. मी मागे उभा राहून अंधारात कोण जातंय ते बघत राहायचो.

एकदा धीर करून विचारलं, "आप्पा, कोण असतंय?"

"कोण न्हाय," ते कुजबुजले. "माग असतोय."

"माग?"

"वाजतोय. खटाक-खट, खटाक-खट. आपल्यासारखाच, चांगला सरळ चाललेला असतोय." त्यांनी शाल घट्ट केली. "डॉक्टर म्हणला, मागवाल्यांच्या कानात ऱ्हातोय त्यो आवाज. कान खराब हुत्यात. असंल. पण घरात का वाजत न्हाय मग? घरात वाजला असता तर झोपलो नसतो व्हय?"

तेव्हा मला ते थोडं मजेशीरही वाटलं होतं, हे खरं.

मग ती थंडीतली रात्र आली. भात कापून झालं होतं. रानात धुकं गुडघ्याएवढं साचलं होतं आणि त्यावर गवताच्या गंज्या पाण्यात बसलेल्या म्हशींसारख्या दिसत होत्या. येळ्ळूरकडून परत येताना एका वळणावर आप्पांनी पाय टेकला. मान तिरकी केली. मी मागे थांबलो.

"ऐकलास?"

"काय?"

"माग."

मी श्वास धरून कान दिला. रातकिडे. लांब हायवेवर एखादा ट्रक. "मला न्हाय येत ऐकू," मी म्हणालो.

एरवी एवढ्यावर ते निघायचे. त्या रात्री निघाले नाहीत. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज चिडलेला होता. "धोटा अडखळतोय, इकडनं तिकडं जाईना. ताण्याचा उभा धागा तुटलाय आणि माग तसाच चालीवलाय. कापड सगळं खराब हुतंय. कोण हाय तिथं? बंद का करंना?"

आणि त्यांनी सायकल रस्त्यातच टाकली. जो माणूस सायकल भिंतीला टेकवतानासुद्धा सदऱ्याच्या टोकानं हँडल पुसायचा, त्यानं ती डांबरावर आपटली आणि बांधावरून उडी मारून तो रानात शिरला. मी धावलो. कापलेल्या भाताची खुंटं पायाला टोचत होती. आप्पा पुढे सरळ चालले होते, चाचपडत नव्हते, वळत नव्हते. आपल्या घरात अंधारात आपल्याच मागाकडे जावं तसे. धुक्यात त्यांचे पाय दिसत नव्हते, शालीमुळं डोकं दिसत नव्हतं. मधलाच पांढरा सदरा माझ्यापुढं तरंगत चालला होता.

ते एकाएकी थांबले आणि त्यांनी हात आडवा करून मला अडवलं. मी मोबाईलचा टॉर्च लावला. पहिल्यांदाच त्यांनी उजेडाला नको म्हटलं नाही. आमच्या पायांपुढे हातभर गवत होतं आणि त्यापुढे जमीनच नव्हती. जुनी, कठडा नसलेली विहीर. खाली पाणी, त्यावर शेवाळ. उजेड दगडांवरून खाली सरकवत नेला, तर पाण्याच्या थोडं वर एका कपारीत निळी बाही दिसली. मग बाहीच्या वर एक चेहरा. डोळे मिटलेले.

"आप्पा, माणूस हाय!"

"बंद झाला," आप्पा म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "माग बंद झाला."

पुढचं सगळं घाईत झालं. मी अँब्युलन्सला फोन लावला आणि मग धावत गस्तीच्या पोरांकडं गेलो. पोरं दोर आणि बाज घेऊन आली. दोघंजण खाली उतरले. या सगळ्या वेळात आप्पा विहिरीच्या काठावर पालथे झोपून आत तोंड घालून त्या बेशुद्ध पोराशी बोलत होते, "आलो रं बाळा, आलो, आता आलो." त्याला वर काढलं तेव्हा तो जिवंत होता. वळणावर त्याची मोटारसायकल ओढ्यात पडलेली नंतर सापडली. आपटल्यावर भ्रमात उठून तो रानात चालत गेला असावा आणि विहिरीत पडला असावा, असं सगळे म्हणाले. संध्याकाळपासून तो तिथं होता. रात्रीची थंडी त्यानं काढली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

पोलिसानं आप्पांना विचारलं, तुम्हांला कसं कळलं? आप्पा म्हणाले, "माग वाजत हुता." पोलिसानं माझ्याकडं बघितलं आणि कानडीत लिहून घेतलं, की ओरडण्याचा आवाज ऐकू आला.

तो पोरगा बरा झाला. दोन्ही हात प्लास्टरमध्ये घेऊन वडिलांबरोबर वडगावला आला. वडिलांनी नारळ आणि टॉवेल पुढं ठेवून आप्पांच्या पायावर डोकं टेकलं. अख्खी गल्ली दारात गोळा झाली होती. आक्का कौतुकानं सगळ्यांना चहा देत होत्या. आप्पांनी त्या पोराला एकच गोष्ट विचारली.

"तू हाक मारलीस का रं? न्हायतर दगडानं काय वाजीवलंस?"

"न्हाय, आजोबा," पोरगा म्हणाला. "मला कायच ठावं न्हाय. हात तर हलतच न्हवतं माझं."

आप्पांनी मान डोलावली आणि ते आत निघून गेले. लोकांना वाटलं, गहिवरले.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी सायकल काढली नाही. मागांच्या खोलीत दोरीवरच्या ओल्या कपड्यांच्या आड खुर्ची टाकून बसून राहायचे. मग एका संध्याकाळी ते माडीवर आले. मी तिथं राहायला लागल्यापासून त्यांनी कधी जिना चढला नव्हता. कॉटच्या कडेला बसले. दिवस पुरता मावळला नव्हता, तरी आवाज रस्त्यावरचा, कुजबुजता.

"निपाणीकर, एक इचारू?"

"विचारा की."

"ह्याच्या आधी जे ऐकलं, ते काय हुतं?"

रिकाम्या रस्त्यातलं त्यांचं ते थांबणं मला आठवलं. तिथंही कोणी पडलेलं होतं का, असं ते विचारत होते.

"पुलापाशी ऐकलंतं," ते म्हणाले. "वडाखाली ऐकलंतं. हिंडलग्याच्या वाटंला दोनदा. सरळ वाजत हुता माग, धागा तुटला न्हवता, म्हणून गेलो पुढं. चांगला चाललाय म्हणून गेलो. कळतंय का तुला, मी काय म्हणतोय ते?"

"आप्पा, तसं काय नसतंय. योगायोग असतोय. डॉक्टर काय म्हणाले ते आठवा."

"व्हय," ते म्हणाले. "असंल." आणि मग, "उद्या रविवार हाय न्हवं? दिवसाचं जाऊन बघूया का?"

मी आप्पांना दिवसा सायकलवर पहिल्यांदा पाहिलं. ऊन त्यांना सोसत नव्हतं. डोळे बारीक करून, एका हातानं कपाळावर सावली धरून चालवत होते, आणि रस्ता ओळखीचा नसल्यासारखे पुन्हा पुन्हा थांबत होते. जागा मात्र त्यांना नेमक्या ठाऊक होत्या. वडाखाली काही नव्हतं; रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथल्या माणसानं आम्हांला वेड्यात काढलं. हिंडलग्याच्या वाटेवर नवीन प्लॉट पडले होते, तिथं विचारायला जुनं माणूसच उरलेलं नव्हतं. आप्पांचा चेहरा थोडा सैल झाला. मलाही वाटलं, सुटलो.

शेवटी धामण्याच्या अलीकडचा पूल राहिला. खाली ओढा, ओढ्याच्या कडेला बांबूचं दाट बेट. एक म्हातारी वैरण कापत होती. आप्पांनी पुलावरूनच हाक मारली, दिवसाच्या मोठ्या आवाजात. "मावशी, हितं कधी कोण पडलंतं का?"

म्हातारीनं विळा थांबवला. "हितं? व्हय की. एक माणूस गावला हुता. भात कापायला माणसं उतरली, तवा वासावरनं कळलं. लई दिवस झालंते पडून. कुठला, कुणाचा, कायच कळलं न्हाय बघा."

"कंच्या साली गं?"

"माझ्या नातीचं लगीन झालं त्या साली. का वो? तुमचं कोण हुतं?"

आप्पा पुलाच्या कठड्याला धरून खाली बसले. मी म्हातारीला विचारून हिशेब काढला, तर ते लग्न आप्पांचे माग विकले गेले त्याच वर्षातलं होतं. आप्पांनी पुलावर माग ऐकला, तीच ती रात्र होती का, हे कोणी सांगू शकणार नव्हतं. सांगता येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. म्हातारी वैरणीचा भारा घेऊन वर आली तेव्हा आप्पांनी तिला हळूच विचारलं, "पडला तवा जित्ता असंल का गं त्यो?"

"कुणाला ठावं, बाबा," म्हातारी म्हणाली आणि भारा डोक्यावर घेऊन निघून गेली.

परत येताना मी पुढं आणि आप्पा मागं होते. मला सारखं वळून बघावंसं वाटत होतं.

त्या दिवसानंतर आप्पांना माग ऐकू येईनासा झाला. रानात नाही, पुलावर नाही, कुठंच नाही. आणि गंमत म्हणजे झोप आली. आक्कांनी देवाला नारळ फोडला. आप्पा जेवून पडायचे आणि घोरायचे, आणि त्या घोरण्यानं आक्कांना जाग यायची, तर त्याचाही त्यांना आनंद. दरम्यान मला निपाणीच्या कॉलेजात नोकरी मिळाली. मी माडी सोडली त्या सकाळी आप्पा फाटकापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड लागला.

पुढच्या पावसाळ्यानंतर आक्कांचा फोन आला. "निपाणीकर, तू एकदा येऊन जा रं. हे परत जात्यात. आता लांब लांब जात्यात, काकतीच्याबी पलीकडं. झोप येती की त्यांस्नी आता! डोळं मिटत असत्यात, तरी उठून जात्यात. परवा सायकलीवरच झोप लागली, पडून गुडघा फोडून घेतला. पोराचं ऐकत न्हाईत, माझं ऐकत न्हाईत. तुझं ऐकतील."

शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी बस धरली. काय बोलायचं ते संकेश्वरपासून मनात जुळवत आलो होतो. आक्कांनी मुलाची सायकल पुसून ठेवली होती. आप्पा मला बघून हसले, थकलेलं. दिवस बुडायच्या आतच जेवणं झाली आणि आम्ही निघालो. शहर ओलांडून काकतीपर्यंत गेलो, तिथून हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो. तिथं जोंधळा आणि ऊस होता, चंद्र नव्हता.

मी बोलायला तोंड उघडणार तोच ते सायकलवरून उतरले. सायकल नीट उभी केली. फुटलेला गुडघा ओढत बांधावरून चालत गेले. मी मागं गेलो. रानात विहीर होती. काठावर ते कण्हत गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात टेकून आत वाकले आणि दिवसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी हाक मारली, "कोण हाय का रं?"

आवाज खाली जाऊन दगडांना लागून परत आला. आप्पा तसेच वाकून राहिले. मला वाटलं झालं, उठतील आता. उठेनात. वेळ जात होता. उसाची पानं हलली की माझं लक्ष तिकडं जायचं. आतून गार हवा येत होती.

"एवढा येळ का थांबतासा?" मी शेवटी विचारलं.

"पडलेल्या माणसाला बोलायला येळ लागतोय," ते म्हणाले.

आणखी काही वेळानं ते मागं सरकले. "न्हाय कोण," ते म्हणाले, आणि अंधारातही मला कळलं की त्यांचा सगळा चेहरा हलका झालाय. हे ते प्रत्येक विहिरीवर करत होते. पुढच्या विहिरीवर तेच, त्यापुढच्या ओढ्यावर तेच. दिसलेली एक जागा सोडत नव्हते.

"आप्पा," मी म्हणालो, "आक्का झोपत न्हाईत वो तुम्ही येईपर्यंत. आता ऐकूबी येत न्हाय तुम्हांला. मग कशाला?"

"आता ऐकू येत न्हाय, म्हणूनच," ते म्हणाले. "येत हुतं तवा गेलो पुढं. आता बघायलाच पायजे न्हवं?" त्यांना जांभई आली, मोठी, लहान पोरासारखी. मग त्यांनी रस्त्याच्या पलीकडं हात केला. तिकडच्या रानात काही काळं होतं. "ती बघतोस का तू? दोन्हीकडं जायला गुडघा देत न्हाय आता."

जुळवून आणलेलं बोलणं तसंच राहिलं. मी रस्ता ओलांडला, बांध उतरलो, पायानं चाचपत गवतातून गेलो. मागे आप्पा रस्त्यावर उभे होते. त्यांचा पांढरा सदरा दिसत होता, बाकी काही दिसत नव्हतं. विहिरीला कठडा नव्हता. मी गुडघ्यांवर बसलो आणि आत वाकलो. हाक मारायची होती. उत्तर येणार नाही याची भीती नव्हती, येईल याची होती. मी थोडा वेळ नुसताच ऐकत राहिलो, आणि मग जमेल तेवढ्या मोठ्यानं विचारलं, "कोण हाय का?"

आणि वाट बघायला लागलो.